बरगड्या मोजणारे चाचा

ओला फोटो खिडकीशी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि बॉलपेनच्या मागच्या टोकानं वरून खाली बरगड्या मोजत यायचं. मोजून झाल्या की चाचा समाधानानं म्हणायचे, "पुऱ्या आहेत." पेशंटला वाटायचं, आपण बरे झालो. कितीतरी जण डॉक्टरांना न भेटताच घरी निघायचे आणि मला औषधाच्या खिडकीतून हाका मारून त्यांना परत बोलवावं लागायचं.

गडचिरोली जिल्हा नवानवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि चाचा एक्स-रे काढायचे. मशीन दुसऱ्या दवाखान्यात म्हातारं होऊन आमच्याकडे आलं होतं. वीज तिच्या मर्जीनं यायची. चाचा मात्र पाच वेळच्या नमाजाइतकेच ड्युटीला पक्के.

मोजण्यामागे एक शंका होती. आमच्या केरळच्या सिस्टरनं त्यांना सांगितलं होतं की देवानं पहिल्या पुरुषाला गाढ झोपवलं, त्याची एक बरगडी काढली आणि तिची बाई केली. चाचांनीही घरच्या थोरांकडून तसंच काहीसं ऐकलेलं होतं. "मंग माणसाच्या छातीत एक फासळी कमी भराले पाह्यजे," असा त्यांचा सरळ हिशेब. मोठमोठ्या पंडितांना जे साधन मिळालं नाही, ते सरकारनं चाचांना पगारासकट दिलं होतं.

अडचण एवढीच की छातीच्या फोटोत शेवटच्या दोन बरगड्या पोटाच्या सावलीत बुडतात. त्यामुळे मुतखड्याचा पेशंट आला की चाचांना सण. त्याच्या पोटाच्या फोटोत त्या दोघी सापडायच्या. अशी बरीच वर्षं गेल्यावर निकाल लागला तो असा: बाईला बारा जोड्या, पुरुषालाही बाराच. सिस्टर म्हणाली, देवानं जागा भरून काढली. चाचांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आले.

"ज्याचा हात तुटला, त्याचं पोरगं का एका हाताचं होते? कमी असन तं त्या पह्यल्याची. आता त्याचा फोटो कोन काढते?"

तरी मोजणं सुटलं नाही. तुम्हीही पाहिलं असेल, उत्तर मिळालं म्हणून माणसाची खोड जात नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही. "तुमच्यात पह्यला मानूस कोनं बनवला?" आमच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. मी म्हटलं, "आमच्यात कोणी बनवला नाही, चाचा." त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "म्हंजे तुमच्यात तपासाले काईच नाई." आमचा शिपाई गोंड होता. त्याचे पूर्वज गुहेत कोंडलेले होते आणि तोंडावरचा दगड सरकल्यावर बाहेर आले. हे चाचांना पसंत पडलं. "यात कोनाचं हाड नाई काढा लागत," ते म्हणाले.

त्यांचं स्वतःचं प्रवचन मात्र बरगडीचंच. कुणाचं लग्न असो की भांडण, चाचा मध्ये बसून सांगायचे, "बाई फासळीची बनली. फासळी वाकडी राह्यते. सरळ कराले जाशीन तं मोडन." ऐकणारे माना डोलवायचे. पुरुष जरा जास्तच डोलवायचे. यातलं पुरुषांना 'वाकडी' एवढंच ऐकू जातं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी घुग्घुसला दिली होती. नवरा खाणीत शिफ्टवर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती एकटीच पिशवी घेऊन माहेरी आली. आठ दिवसांनी चाचांनी तिला एसटीत बसवून परत पाठवलं. क्वार्टरं लागूनच असल्यानं त्यांचं बोलणं मला ऐकू आलं होतं. "बेटी, बाईची जात फासळीची. थोडी वाकत जाय." पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, पुन्हा आठ दिवस राहिली, पुन्हा तेच ऐकून गेली. जी मुळात वाकडी, तिनं आणखी कुठे वाकायचं, हा प्रश्न मलाही पडला नाही.

दोन्ही वेळा ती माझ्या खिडकीशी आली होती. "काका, दुखण्याच्या गोळ्या द्या. मोरीत घसरली." मी गोळ्या दिल्या आणि वर शहाणपणही दिलं, "शेवाळ झालं असेल, चुना टाकत जा." आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो.

तिसऱ्यांदा ती आली ती खोकत. डॉक्टरांना टीबीची शंका आली, त्यांनी छातीचा फोटो लिहिला. चाचांनी स्वतःच काढला. "दम भर. धर. सोड." मी कशाला तरी तिथे गेलो होतो. त्यांनी ओला फोटो खिडकीशी धरला, एक डोळा मिटला, पेन खाली येऊ लागलं आणि डावीकडच्या सातवीवर थांबलं. पुन्हा वरून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबलं.

"टीबी आहे का?" मी विचारलं.

"नाई. छाती साफ आहे." मग पेनचं टोक तिथेच ठेवून म्हणाले, "मोडून जुळलेलं हाड जाड होते. झाडाले गाठ येते तसं. हे पाह्य. एक जुनी आहे. अन ही तिच्याहून जुनी."

दोन गाठी, आणि चाचांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. मला एकदम दोन वेळच्या गोळ्या आठवल्या.

त्या आठवड्यातच घुग्घुसहून तिला न्यायला मंडळी आली. व्याही, त्यांचे दोन नातेवाईक, मध्यस्थीला गावचे मौलवीसाहेब. शेजारी म्हणून मलाही ओसरीवर बसवलं. मुलगी दाराच्या आत उभी होती. चहा झाल्यावर व्याही मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "चाचा, तुमीच तं लग्नात सांगतलं होतं. फासळी वाकडी राह्यते. थोडी सरळ करा लागते मंग."

चाचा उठले, आतून तो फोटो घेऊन आले आणि मौलवीसाहेबांच्या हातात दिला. मौलवीसाहेबांनी तो गंभीरपणे उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

"उलटा आहे," चाचा म्हणाले.

त्यांनी तो सरळ करून दिला आणि बोट ठेवलं. "इथी मोडली. अन इथी. मी मोडन म्हनून सांगतलं होतं. मोडा म्हनून नाई."

 मग व्याही म्हणाले, "आमच्याच पोरानं केलं, याचा पुरावा काय?"

"त्याच्यावरचा पुरावा त्याच्यापाशी," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "माह्यावरचा इथी आहे. जे सांगाचं ते जावयाले सांगाचं होतं. मी हिले सांगतलं. दोनदा सांगतलं, अन दोनदा गाडीत बसवून देल्लं."

मौलवीसाहेबांनी फोटो मांडीवर ठेवला. "ते पैगंबरांचे बोल मर्दासाठी आहेत," ते व्याह्यांना म्हणाले. "जपून वागाव म्हनून सांगतलं आहे. पोरगी इथीच राहीन."

मंडळी गेल्यावर मुलगी कपबशा उचलायला बाहेर आली. चाचा भिंतीला टेकून बसले होते. ती रागावलेली नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

"अब्बा, तुमी साऱ्या दुनियेच्या मोजल्या," ती म्हणाली. "मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

पुढे काही महिन्यांत रीतीप्रमाणे फारकत झाली. ती बालवाडीत कामाला लागली आणि खोकलाही गेला. चाचांचं मोजणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. सिस्टरनं पहिल्या बाईचा विषय काढला तरी ते नुसते मान हलवायचे. फोटोत कुठे गाठ दिसली की फोटो बाजूला ठेवायचे, बाईच्या सोबत आलेल्याला "बाहेर थांबा" म्हणायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, पडली का पाडली?"

बहुतेक जणी म्हणायच्या, पडली. चाचा मान हलवायचे आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारायचे. डॉक्टर चिडायचे, लाइन लांबत चालली म्हणून. मीही एकदा म्हटलं, "चाचा, तिनं सांगितलं तरी तुम्ही काय करणार?" ते म्हणाले, "ते मले बी मालूम नाई. पन कोनी विचारलं होतं, हे तं तिले मालूम राहीन."

त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी आम्ही ओपीडीत सतरंजी टाकली. हार आणला, चिवडा आणला, डॉक्टरांनी भाषण लिहून आणलं. तेवढ्यात जंगलातल्या गावाहून एक म्हातारी आली, मुलासोबत. खोकला. चाचा म्हणाले, एवढा एक फोटो काढून येतो.

अर्धा तास झाला तरी चाचा येईनात, म्हणून मी बघायला गेलो. फोटो खिडकीला लटकत होता. म्हातारी बाकावर होती, मुलगा बाहेर बिडी ओढत होता. चाचांना गोंडी येत नव्हती, म्हणून शिपाई मध्ये उभा राहून सांगत होता. प्रश्न ऐकून ती आधी खूप हसली, असं शिपायानं मला नंतर सांगितलं. तिचा नवरा मरून जमाना झाला होता. मग तिनं पदर सारखा केला आणि बोलायला लागली.

"चाचा, सगळे थांबलेत," मी म्हटलं.

"त्याहिले म्हना, सुरू करा," चाचा म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

शेवटी आम्ही हार खुर्चीला घातला आणि समारंभ सुरू केला. डॉक्टर बोलले, सिस्टर बोलली. मीही बोललो, सेवाभाव वगैरे, काय बोललो ते आठवत नाही. मी उभा होतो तिथून एक्स-रे खोलीचं दार दिसत होतं. चाचा मान खाली घालून ऐकत होते आणि ती म्हातारी, काखेच्या खाली हात ठेवून, अजून सांगत होती.