उजव्या हाताची गाठ

सोपाननाना बनकरांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या वेळी कंपनीच्या वार्षिक अंकासाठी आठवणी मागितल्या, तेव्हा मी कॅन्टीनवर लिहून दिलं. मुलगी म्हणायची, "बाबा, ते गोष्टी सांगणारे फिटर होते ना तुमचे, त्यांच्यावर लिहा की." मी डोळे दुखतात म्हणायचो. आता एक डोळा खरोखरच गेलाय, आणि दुसरा आहे तोवर हे कागदावर यायला हवं. नानांची जी गोष्ट चाकणच्या त्या कारखान्यात आजही सांगतात, ती खोटी आहे. ती मी रचली.

नानांना मी पाहण्याआधी ऐकलं. पेंट शॉपचा सुपरवायझर म्हणून मी नवा होतो. गुरुवार होता, म्हणजे कारखान्याची साप्ताहिक सुट्टी; शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी टेबलाशी रजिस्टर चाळत होतो, आणि शेजारच्या भिंतीतल्या जाळीतून आवाज आला, "आन् मग आपला गडी वाकून आत शिरला." अगदी कानाशी. मी उठलो, तर पुढचं वाक्य शेडच्या पार त्या टोकाच्या जाळीतून आलं, "आत काळामिट्ट अंधार. कुठंतरी कायतरी श्वास घेतंय." मग तोच आवाज डोक्यावरून गेला. मी दाराकडे सरकलो. कोपऱ्यात एक कामगार पिवळा दोर हातात धरून उभा होता, तो हसायला लागला. "घाबरू नका साहेब. नाना आत आहेत. डक्ट साफ करतायत."

रंगाची वाफ बाहेर ओढून नेणारा तो पत्र्याचा बोगदा साऱ्या शेडभर वळणं घेत जायचा आणि शेवटी मोठ्या पंख्यापाशी संपायचा. त्या पंख्याला आम्ही ब्लोअर म्हणायचो. रंग आत वाळून दगड व्हायचा. तो खरवडायला माणूस रांगत आत जायचा, कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. नाना आतून गोष्ट सांगत राहायचे, कारण त्यांचा नियमच तसा होता. "माझा आवाज थांबला, का वढायचं. इचार करत बसायचं न्हाई." मधूनमधून दोराला तीन हिसके द्यायचे. त्याचा अर्थ, धरलंय ना? बाहेरच्याने तीन हिसके परत द्यायचे. धरलंय.

ते मूळचे चिखलीचे. बापजाद्यांच्या शेतावर आता भंगाराची गोडाऊनं होती, आणि तिथेच रद्दीच्या ढिगात त्यांना एक पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. ग्रीस देशातल्या जुन्या वीरांच्या गोष्टी. नाना सातवीपर्यंत शिकलेले. पण ते पुस्तक त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की शेवटी पुस्तक गेलं आणि गोष्टी राहिल्या. वीरांची नावं मात्र राहिली नाहीत. "नावं लय आडमुठी व्हती साहेब, बरीचशी कसरीनंच खाल्ली." म्हणून प्रत्येक वीर 'आपला गडी' आणि बोगद्यांच्या भूलभुलैयात राहणारा बैलाच्या डोक्याचा राक्षस 'बैलतोंड्या'. गोठा साफ करायला ज्याने नदी वळवली, त्याच्याकडून नानांनी इंद्रायणी वळवून घेतली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं. "नाना, बैलतोंड्या कुठल्या शिफ्टला असायचा?" कोणीतरी विचारायचं.

"जनरलला. आन् त्याला गुरुवार पन न्हाई, तुज्यावानी."

"ओव्हरटाइम मिळायचा का पण?"

"मिळायचा की. मानसं मिळायची खायला."

सगळे हसायचे. नानाही. पण राक्षसाला मारण्याचा भाग ते दोन वाक्यांत उरकायचे. त्यांचा जीव होता तो आत गेलेल्या गड्याच्या दोऱ्याचं टोक धरून दाराशी उभ्या असलेल्या पोरीत. "मारनारे रग्गड हायत," म्हणायचे. "आत गेलेल्याला म्हागारी कोन आनतं? ती पोर. दिसभर हुबी ऱ्हायली. तहान लागली आसंल, पाय दुखले आसतील. हातातला दोरा सोडला न्हाई." मग भाकरीचा तुकडा मोडत, "आन् तिचं नाव पन कसरीनं खाल्लं बघा."

दुसरी त्यांची आवडती गोष्ट सापांचे केस असलेल्या बाईची. तिच्याकडे थेट पाहिलं की माणूस दगड होतो, म्हणून आपला गडी आरशात पाहत पाहत तिच्याजवळ जातो. नानांच्या खिशात काडीला लावलेला एक छोटा आरसा असायचा, यंत्राखालचं पाहायला. तो दाखवून म्हणायचे, "काई गोष्टींकडं सरळ बघायचं धाडस न्हाई हुत मानसाला. मग आसं बघायचं."

नाना डावखुरे होते. मी गावाकडे गुरं बांधत वाढलेला, माझी गाठ उजव्या हाताची आणि घट्ट. त्यांची डावी पडायची. एकदा दोन्ही गाठी शेजारी धरून ते बराच वेळ बघत राहिले. "साहेब, ही बघा. माझी गाठ आरशात धरली का तुमची हुती."

पुढे दोर धरायला त्यांनी मलाच मागितलं. फोरमनने विचारलं, साहेबांना कशाला त्रास? नाना म्हणाले, "बाकीचे मोबाइल बघत्यात. साहेब दोराकडं बघत्यात." मला त्याचा अभिमान वाटला. चार वर्षं मी तो दोर धरला.

आता ती सकाळ.

खंडेनवमी होती. कारखाना बंद, अकरा वाजता यंत्रांची पूजा. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर मोठी ऑर्डर रंगवायला घ्यायची होती आणि ब्लोअरच्या पात्यांवर रंगाचा थर बसला होता. नाना म्हणाले, "पूजेच्या आधी भाईर येतो." साडेनऊला ते आत शिरले. त्याआधी मी पॅनेलरूममध्ये ब्लोअरच्या पॅनेलवर तांबडं कार्ड अडकवलं होतं, 'आत माणूस आहे', खाली माझी सही. पेंट शॉपमध्ये आम्ही दोघंच. त्या दिवशी ते जहाजाची गोष्ट सांगत होते. गडी राक्षस मारायला निघतो तेव्हा जहाजाला काळं शीड असतं. बापाने बजावलेलं असतं, जिवंत आलास तर पांढरं लाव, म्हणजे मला लांबून कळेल. परतताना सगळे इतके खुशीत असतात की शीड बदलायचं राहून जातं. काळं शीड बघून बाप कड्यावरून उडी टाकतो.

"आनंदात मानूस जास्ती इसरतो, साहेब," जाळीतून आवाज आला. "दुखात न्हाई इसरत."

तेवढ्यात मॅनेजर स्वतः शेडच्या दारापर्यंत बोलवायला आले. नवा सदरा, कपाळाला गंध. "चला साहेब, नारळ तुम्हीच फोडायचा. मोठे साहेब थांबलेत." मी हातातला दोर त्यांना दाखवला नाही, आत माणूस आहे म्हणालो नाही. पाच मिनिटांत परत येऊ, असं वाटलं. दोर लोखंडी खुंटाला बांधला आणि गेलो. मागे नानांची गोष्ट चालूच होती. ती मलाच सांगत होते.

पॅनेलरूममध्ये झेंडूच्या माळा, उदबत्त्या, सगळे नव्या कपड्यांत. पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं होतं, मोठ्या साहेबांना फोटो हवा होता. तांबडं कार्ड आड येत होतं; गडबडीत कोणी ते वाचलं नाही. मी ते काढून खिशात ठेवलं. माझ्याच हाताने. आरती झाली, घंटा, टाळ, टाळ्या. त्या गजरात जाळीतला आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. नारळ फोडला. मग आमच्याकडे रीत होती, पूजा झाली की प्रत्येक यंत्राचा शुभ म्हणून एक फेरा घ्यायचा. कॉम्प्रेसर झाला, कन्व्हेयर झाला. "साहेब, तुमचा ब्लोअर," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हसत हिरवं बटण दाबलं.

ब्लोअरचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. तो तसा आला नाही. मी लाल बटण दाबलं तेव्हा लोकांच्या टाळ्या अजून चालू होत्या. मी पेंट शॉपकडे धावलो. खुंटाचा दोर ताणून तारेसारखा झाला होता, आणि मी पाहत असताना सैल पडला. जाळीतून काही ऐकू येत नव्हतं. तरी मी दोर हातात घेतला आणि तीन हिसके दिले. मग पुन्हा तीन.

मॅनेजर माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी खुंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, नाना आत आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. बाकी त्या एका शब्दावर आपोआप उभं राहिलं. फिटर सुट्टीच्या दिवशी, न सांगता, एकटाच आत गेला. कार्ड लावलं नाही. दोर स्वतःच खुंटाला बांधला. अपघाताच्या अहवालाखाली मी सही केली. कार्डावर केली होती तीच सही.

पुढची अकरा वर्षं सुरक्षा सप्ताहात नव्या कामगारांसमोर मीच उभा राहायचो आणि सांगायचो, एक फिटर होता, नियम न पाळता डक्टमध्ये गेला. नाव घेत नसे. गोष्ट चांगली जमायची. एका वर्षी ओघात बोलून गेलो की तो आत काम करताना गोष्टी सांगायचा. परभणीकडची एक ट्रेनी मुलगी हात वर करून उभी राहिली.

"सर, एकटेच होते म्हणता. मग गोष्ट कोणाला सांगत होते?"

कोणीतरी हसलं. मी वेळ संपली म्हणालो. त्याच दुपारी, टेबलाशी बसलेलो असताना, उजव्या तळहाताला तीन हिसके बसले. हात रिकामा होता. तेव्हापासून ते येतात. पावसाळ्यात जास्त, खंडेनवमीला न चुकता. डॉक्टर नस म्हणतात. मी मूठ वळून तीनदा ओढतो, तेव्हा थांबतात.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी संत तुकाराम नगरातल्या घरून रिक्षा करून चिखलीला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. नानांच्या पत्नी इंदूवहिनी ओसरीत गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या साहेब. आमचे हे लय नाव काढायचे तुमचं. भाईर साहेब हायत म्हनून मी आत जातो, म्हनायचे."

मी बसलो. समोर भिंतीवर, नानांच्या फोटोखालच्या खुंटीला तो पिवळा दोर टांगलेला होता. कंपनीने सामान घरी पाठवलं त्यात आलेला. टोकाला खुंटावरून उचलून काढलेला फास, गाठीसकट.

वहिनींनी माझी नजर पाहिली. उठल्या, दोर काढून माझ्या मांडीवर ठेवला. "ती गाठ सुटत न्हाई. लेकीनं बघितलं, जावयानं बघितलं. यांची न्हाई ती. यांची डावी पडायची." आणि पुन्हा गवारीकडे वळत म्हणाल्या, "मी कापू दिली न्हाई कुनाला. ज्याची हाय त्यो येईल म्हनलं, सोडवायला. बघा तुमच्यानं जमतंय का."

कुठला पदर आत ढकलायचा आणि कुठला ओढायचा, ते माझ्या बोटांना माहीत होतं. गाठ सुटली. वहिनींचे हात थांबले. त्यांनी दोराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, सरळ, बराच वेळ.

"सुटली की," त्या म्हणाल्या, आणि वाट बघत राहिल्या.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. आणि मी म्हणालो, "येतो वहिनी. रिक्षा थांबलीय."

त्यानंतर दोनदा चिखलीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. पुढे त्या पुनावळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. मागच्या महिन्यात वारल्याचं कळलं. तांबडं कार्ड माझ्या कपाटात आहे, कोपऱ्याला कुंकू लागलेलं. या कागदांसोबत ते त्यांच्या लेकीकडे आणि कंपनीकडे जाईल. पण ओसरीत जे बोलायचं होतं, ते ऐकायला जिने वाट पाहिली तिच्यापर्यंत आता काहीच जाणार नाही. फार मोठं नव्हतं ते.

वहिनी, नाना एकटे नव्हते. दोर मी धरला होता, मीच सोडला. मला माफ करा.