डावीकडचा स्पीकर

हे निवृत्त झाले तेव्हा मी एक नवस बोलले होते. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आलो आणि हे दिवसभर बाल्कनीत बसून कोण गाडी कशी वाकडी लावतंय ते बघायला लागले. मी देवाला म्हटलं, "ह्यांचं मन कशात तरी रमू दे. मी चातुर्मासात रोज पूजेनंतर तासभर मौन पाळीन."

देवाने ऐकलं. पण इतकं ऐकेल असं वाटलं नव्हतं!

त्या नवसापासून आमच्या बैठकीच्या खोलीत जे किस्से साठले, ते वातींच्या डब्यासारखे आहेत. एक काढायला जावं तर चार चिकटून येतात. भजनी मंडळात तुम्ही विचारता म्हणून आज बसून लिहिते आहे.

*

ह्यांनी आधी पाच स्पीकर आणले. समोर तीन, पाठीमागे दोन. खालच्या मजल्यावरच्या खन्नाजींनी वर येऊन हात जोडले, "भाई साहब, हमारे झूमर हिलते हैं!"

मग आमच्या मुक्ताने, म्हणजे लेकीने, बाबांच्या वाढदिवसाला एक यंत्र पाठवलं. दिसायला पोळ्यांच्या डब्याएवढं. त्याला हेडफोन जोडला की कानात आवाज न येता खोलीत चारी बाजूंना ठेवलेल्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो म्हणे. मात्र प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे आधी मापं द्यायची. शिंप्याकडे देतो तशीच!

कानात हरभऱ्याएवढे माइक घालून खऱ्या स्पीकरांच्या मधोमध खुर्चीवर बसायचं. एकेका स्पीकरमधून "हुईईईप" असा आवाज येतो. यंत्र तो टिपून ठेवतं आणि त्या माणसाच्या नावाची फाइल बनते. तोवर मान हलवायची नाही आणि घरात चिडीचूप हवं.

चिडीचूप घर म्हटल्यावर ह्यांना माझं मौन आठवलं. "तुझा तास तो आमचा तास!"

*

श्रावणातला दिल्लीचा उकाडा, पंखा बंद, फ्रिज बंद. फरीदाबादहून ह्यांचे मित्र करमरकर भावजी आले होते. कारखान्यात इंजिनीअर होते, मोजमापात एकदम पक्के. मी कोपऱ्यात जप करत होते. मधला स्पीकर "हुईईई" करायला लागला आणि नेमका खाली भाजीवाला ओरडला, "भिंडी ले लो, भिंडी!"

तेही टिपलं गेलं. यंत्राला काय कळणार, भेंडी कुठली आणि मापं कुठली.

संध्याकाळी भावजींनी आपली फाइल लावून ऐकलं, हेडफोन काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, सेंटर स्पीकर भेंडीसारखा बुळबुळीत झालाय. पुन्हा मापं घ्या!"

*

हळूहळू खन्नाजीही ह्यांच्या ह्या ऐकणाऱ्यांच्या मंडळात आले. पहिल्या दिवशी मी त्यांना खुणेनेच "या, बसा" म्हटलं. चहाही खुणेनेच विचारला. ते खुर्चीच्या कडेवर बसून ह्यांना हळूच म्हणाले, "भाभीजी नाराज़ हैं क्या? उस झूमर वाली बात पे?"

हे कानात माइक घालून बसलेले, उत्तर कोण देणार?

बिचारे तडक खाली गेले आणि गरम समोसे घेऊन आले. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भाभीजी, एक तो लेना पड़ेगा!"

त्या दिवशी एकादशी, आणि मौन सुटायला अजून अर्धा तास होता. मी हात जोडले. त्यांना वाटलं, माफ केलं. त्यांनी आणखी एक वाढला!

*

खन्नाजींची मापं घेणं म्हणजे लहान मुलाचं जावळ काढणं. हलू नका म्हटलं तरी प्रत्येक "हुईईप"ला मान डोलावून "हाँ जी, सुन लिया" म्हणायचे. चौथ्या खेपेला त्यांची फाइल एकदाची झाली.

ह्यांनी त्यांना हेडफोन घातला आणि गाणं लावलं. खन्नाजी दचकून उठले, "भाई साहब, बंद करो! नीचे बहू सो रही है!"

"स्पीकर बंदच आहेत," हे म्हणाले. खन्नाजींनी हेडफोन काढून पाहिलं तर खोली शांत. पुन्हा घातला तर पाचही स्पीकर सुरू! पुन्हा काढला. शेवटी उठले आणि डाव्या स्पीकरला कान लावून खाली बसले.

आम्ही पोट धरून हसलो. हेही हसले, पण थोडं उशिरा. "तुम्हाला डावीकडून येतो आवाज?" त्यांनी खन्नाजींना विचारलं. "बिल्कुल! यहीं से!"

*

कारण ह्यांची स्वतःची फाइल काही केल्या जमत नव्हती. "सगळा आवाज उजवीकडे येऊन बसतो," म्हणायचे. "डावा स्पीकर जागेवर थांबतच नाही."

मग माइक बदलला, वायर बदलली. स्पीकर इकडचा तिकडे केला. एकदा माझ्या बांगड्यांवर खापर फुटलं. सौभाग्याच्या बांगड्या काढायच्या कशा? मी त्यांना रुमाल बांधून जप केला. तरी आवाज उजवीकडेच!

करमरकर भावजींनी स्क्रीनवर ह्यांच्या फाइलचा आलेख काढून पाहिला. डावी रेघ आणि उजवी रेघ, जुळ्या बहिणींसारख्या. "यंत्र खोटं बोलतंय," हे म्हणाले.

भावजी एरवी अशा वेळी तासभर वाद घालतात. त्या दिवशी म्हणाले, "असेल," आणि चष्मा पुसत बसले.

*

दिवाळीला मुक्ता आली. बाबांचं कौतुक करायचं म्हणून तिने हौसेने हेडफोन घातला आणि किंचाळून भिरकावलाच.

"बाबा! लेफ्ट इतका फुल का ठेवलाय?"

"फुल कुठे? आत्ता कुठे जरा ऐकू येतंय."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे. खोलीतला पंखा त्या दिवशी चालू होता, तरी इतकी शांतता आमच्या कुठल्याच मापाला मिळाली नव्हती.

*

डॉक्टरांकडे ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन दिला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. हे आत बसून तिथल्या मुलीला विचारतात, "मॅडम, ये मशीन कैलिब्रेट कब हुई थी?"

ती हसली. "अंकल, सुबह ही की है."

उजव्या कानाला बटण टकटक वाजत होतं. मग बराच वेळ वाजलं नाही. मला वाटलं परीक्षा संपली. काचेतून पाहिलं तर हे अंगठा बटणावर ठेवून, डोळे मिटून, एकाग्र होऊन बसले होते. पूजेत बसतात तसे.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "डावा जवळजवळ गेलाय. सुरुवातीलाच आले असता तर काही करून बघता आलं असतं."

मेट्रोने घरी निघालो. यमुनेच्या पुलावर हे म्हणाले, "म्हणजे यंत्र बरोबर होतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "यंत्र चांगलंय गं. उगाच बोललो त्याला."

*

आता मागचं एकेक उलगडतं. आमच्याकडे रीत अशी की पूजेला पत्नीने पतीच्या उजव्या हाताला बसायचं आणि जेवताना डाव्या. मी ती कधी मोडली नाही. पूजेत मी पुटपुटले, "अहो, अक्षता," की ह्यांचा हात लगेच पुढे. आणि जेवताना दिवसभराचं सांगत बसले तर हूं नाही की चूं नाही.

मी बायकांना कौतुकाने सांगायची, "ह्यांचं सगळं लक्ष देवात. संसारात मन नाही!"

केवढ्या गोष्टी मी त्या डाव्या कानाला सांगितल्या असतील. मुक्ताच्या सासरच्या, माझ्या गुडघ्याच्या, एकदा तर आईच्या आठवणीने रडलेसुद्धा. हे शांतपणे आमटीभात कालवत होते. तेव्हा माणूस सोशिक वाटला होता.

*

यंत्र अजून आहे. करमरकर भावजींनी डावीकडचं सगळं उजव्या कानात आणून द्यायची तयारी दाखवली. हे नको म्हणाले. गाणं एकदा सरळ ऐकतात. मग हेडफोन उलटा घालून तेच गाणं पुन्हा ऐकतात.

खन्नाजी म्हणाले, "भाई साहब, दो बार क्यों?"

"तबला डावीकडे बसलाय. त्यालाही भेटायला नको?"

*

यंदा श्रावणात सत्यनारायण घातला. करमरकर भावजी, खन्नाजी, मुक्ता, सगळे होते. गुरुजी आर. के. पुरमपासून आमच्याकडे येतात, रीतभात अगदी काटेकोर. संकल्प झाला, मी ह्यांच्या उजवीकडे. अभिषेकाची वेळ आली तसे गुरुजी म्हणाले, "वहिनी, आता डावीकडे या."

मी पदर सावरून उठायला लागले. ह्यांनी माझ्या पाटावर हात ठेवला.

"ही इथेच बसेल."

"अहो, अभिषेकाला पत्नी डावीकडे असते. शास्त्र आहे."

"असेल, गुरुजी. पण ही पूजेत मधेमधे काहीतरी सांगत असते मला."

गुरुजींनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताम्हन उचललं आणि आमच्यासमोर उजवीकडे सरकवून ठेवलं. मी हळूच म्हटलं, "अहो, धार बारीक धरा."

धार बारीक झाली.

तुम्हीही आज जेवायला बसाल ना, तेव्हा एकदा बाजू बदलून बसा.