गुरुवारचा मोकळा तास

औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं ती खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसून एकेक बाटली उजेडासमोर धरत आली होती. औषधात कण दिसतो का, लेबल सरळ आहे का, बूच घट्ट आहे का. नजर अशी, की तिच्या हातून दोष सुटला असं कधी झालं नाही. तोंड मात्र कायम बंद. दिवसभर मूग गिळून बसायची आणि संध्याकाळी घरी आली की मोठ्या बहिणीपुढे सगळं ओकायची. आक्का भाजी निवडत ऐकायची.

"अगं, हेच तिथं बोलत जा की."

"तिथं? तिथं भिंतींना कान आहेत, आक्का. माणसांनाच नाहीत."

कारखान्याचे साहेब तीन दिवसांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि चौथ्या दिवशी बदलून आले. निदान त्यांची भाषा तरी बदलली होती. दर गुरुवारी तीन ते चार 'मोकळा तास' असा फलक लागला. "इथं कुणी साहेब नाही, कुणी कामगार नाही. मनात येईल ते बेधडक बोला," असं त्यांनी सांगितलं. सांगताना खुर्चीवर ते एकटे होते. बाकीची चाळीस माणसं उभी.

पहिल्या गुरुवारी सगळे एकमेकांना कोपरानं ढोसत राहिले. शेवटी लेबलवाली म्हणाली, पंख्याचा आवाज फार येतो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पंखाच काढून नेला. त्यानंतर कुणाला कसलाच त्रास होईना.

मग साहेबांनी पेटी ठेवली. चिठ्ठी लिहा, टाका, नाव नको.

मावशीकडे लिहिण्यासारखं होतं. तीन नंबरच्या मशीनचा बूच आवळणारा जबडा झिजला होता आणि बुचं सैल बसत होती. औषध खोकल्याचं, तेही लहान मुलांचं. सैल बाटल्या ती वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची. जेवून येईपर्यंत ट्रे रिकामा आणि खोकी भरलेली. महिन्यापूर्वी तिनं साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, "मावशी, वय झालं तुमचं. खाली बाटल्या धुवायला जाता का? तिथं डोळ्यांना ताण नाही." खाली म्हणजे तळघर. ओली फरशी, वाफ आणि दिवसभर उभं राहणं. मावशीचे गुडघे तिथं महिनाभर टिकले नसते, हे साहेबांनाही ठाऊक होतं. खुर्ची जाणार या एका धाकानं ती गप्प झाली.

आता तिनं चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि आजूबाजूला बघत पेटीत टाकली.

त्या गुरुवारी साहेबांनी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या कारखान्यात एक नियम हाडीमाशी खिळलेला होता : कागद कसलाही असो, खाली उजवीकडे टेबलाचा नंबर, वेळ आणि छोटी सही. सही नाही तो कागदच नाही. झालं! गुपचूप लिहिलेल्या सव्वीस चिठ्ठ्यांपैकी चोवीसांवर सवयीनं टेबल, वेळ आणि सही. 'साहेब, तुम्ही देवमाणूस आहात' असं लिहिणाऱ्यानं तर दोनदा सही ठोकली होती.

"टेबल अकरा, सव्वाबारा," साहेब चवीनं वाचू लागले. "तीन नंबरच्या मशीनची बुचं सैल बसतात. बोललं की तळघराची भीती घालतात." त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "मावशी, मी भीती घालतो? सांगा ना सगळ्यांसमोर. अगदी मोकळेपणानं."

सगळे आपापल्या चपला निरखू लागले. मशीनवाला, जो रोज तिच्याजवळ त्याच जबड्याला शिव्या घालायचा, तोही.

मावशीनं साहेबांकडे नीट पाहिलं, बाटलीकडे बघायची तसं. एका म्हातारीला चिठ्ठीवरून पकडलं म्हणून हा माणूस खुशीत आला होता. आणि एवढ्याशा जिवाला आपण इतकी वर्षं घाबरलो! तिला स्वतःचीच शिसारी आली. भीती वाटायलासुद्धा समोरच्याबद्दल थोडा आदर लागतो. तो शोधूनही सापडेना.

"घालता," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात, याच दारात घातलीत. आणि बुचं सैलच आहेत."

तिनं खोक्यातली बाटली उचलली, साहेबांच्या प्रशिक्षणाच्या वहीवर आडवी धरली आणि करंगळीनं बूच ढकललं. वही लाल झाली. लेबलवाली फिसकन हसली आणि लगेच खोकली.

चाळीस जणांनी पाहिलं होतं, त्यामुळे जबडा बदलावाच लागला. शुक्रवारी साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर.

"खुर्ची तुमचीच आहे हो. सोमवारी मुख्य कचेरीतून बाई येताहेत. त्यांना एवढंच सांगा, इथं माणूस न घाबरता बोलू शकतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"बघा बुवा. गुडघे तुमचे आहेत."

संध्याकाळी आक्का म्हणाली, "सांगून टाक की गं! एका वाक्यात खुर्ची मिळतेय."

"खोटं बोलायला माझी ना नाही, आक्का. बावीस वर्षं दुसरं काय केलं? पण तो गाढव ते खरं मानेल गं!"

आक्का इतकी हसली की भाजी निवडायची राहिली.

सोमवारी कचेरीच्या बाई आल्या. भल्या दिसत होत्या. मावशीच्या टेबलाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "इथं मोकळं बोलता येतं का हो?"

साहेब मागे उभे होते, मान आधीच डोलावत.

"येतं की," मावशी म्हणाली. "एकदा येतं."

साहेब मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते बघायला मावशी थांबली नाही. तिनं चष्म्याचं घर उचललं, खुर्चीवरची उशी बगलेत मारली आणि तळघराच्या जिन्याकडे निघाली. खाली जायला तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगण्याचं सुख तरी त्याला कशाला द्यायचं?