जावक क्रमांक टाकूनही परत आलेला मेल

शमुवेलकाकांना मिलिटरीनं शत्रूचे मेल फोडायला ठेवलं होतं, असं आमच्या शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत सगळे सांगतात. खरं म्हणजे काका भिंगारला लष्करी गेटावर होते, दूधवाल्यांच्या नि भाजीवाल्यांच्या गाड्या यादी बघून आत सोडायला. कॉम्प्युटर ते चाळिशीनंतर क्लास लावून शिकले. आता पाथर्डीला आमच्या शाळेची कॉम्प्युटरखोली सांभाळतात, आणि काही बिघडलं की आधी घसा खाकरून म्हणतात, "थांबा. घाई कुनाला हाय?"

त्या शुक्रवारी सगळ्यांनाच होती. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या जीपा निघणार होत्या. ज्यांचे आईबाप जाणार, त्या मुलांची यादी पाचच्या आत नगरच्या ऑफिसला मेल करायची, तीही शाळेच्याच मेलवरून. तरच त्यांना इथं वसतिगृह मिळणार. नाही पोचली, तर माझ्या बाकावरची संस्कृती दहावी सोडून फडावर जाणार. आणि मेल परत येत होता.

आमचे क्लार्क आसारामभाऊ फायलींत मुरलेले. कागद परत आला म्हणजे त्रुटी असणारच. त्यांनी जावक क्रमांक टाकला. परत. गोल शिक्का मारून स्कॅन केला. परत. "'सविनय' ऱ्हायलं का काय?" म्हणत तेही टाकलं.

मी काकांशी पैज लावली, पाचच्या आत जात नाही. हरले तर महिनाभर तुमच्या बोलण्याची नक्कल करणं बंद. संस्कृतीनं मला जोरात चिमटा काढला.

काकांनी परत आलेला मेल शेवटपर्यंत वाचला. इंग्रजीत होता म्हणून तोवर कुणी वाचलाच नव्हता.

"यादीत चूक न्हाई, भाऊ. ते इचारतंय, पाठवनारा तुमच्या शाळेचाच हाय कशावरून?"

"वर नाव हाय की."

"नाव कुनीबी लिहील. दूधवाल्यानं नवी गाडी आनली. दूध त्याचंच, नाव त्याचंच, पन नंबर यादीत न्हाई. मी सोडायचो का?"

"न्हाई. लई कडक हुता म्हनं तुमी."

संस्थेनं आठवड्यापूर्वी शाळेचे मेल नव्या सर्व्हरवर टाकले होते. संस्थेच्या नावानं कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो, याची यादी इंटरनेटवर असते. समोरचा ती बघूनच मेल आत घेतो. तिच्यात फक्त जुन्या सर्व्हरचा नंबर होता. काकांनी तो तसाच ठेवून शेजारी नव्याचा घातला.

"पाठवू?"

"थांबा. घाई कुनाला हाय? यादी बदलल्याचं समोरच्याला कळाया येळ लागतो."

मग आसारामभाऊंचा हात माऊसवर, आणि काकांचा हात आसारामभाऊंच्या हातावर. चार बावन्नला काकांनी तो उचलला. मेल गेला. आम्ही सगळे पडद्याकडं बघत बसलो. परत आला नाही. चार सत्तावन्नला ऑफिसचं उत्तर आलं: यादी मिळाली, जावक क्रमांकाची नोंद घेतली आहे.

"बघा," आसारामभाऊ म्हणाले.

संस्कृतीनं घरी जाऊन आईची पिशवी भरून दिली. स्वतःची भरावी लागली नाही.

महिना संपायला अजून अकरा दिवस आहेत. तोंडानं नक्कल करायची नाही, असं ठरलंय. लिहायचं काही ठरलं नव्हतं.