वेणूबायचे दात आणि तांदळाचा डबा

बेलपाड्यात लग्न ठरलं की आधी हॉल ठरतो, मग मटण ठरतं, आणि लगोलग वेणूबायला निरोप जातो. वेणूबाय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणून मोकळे होतात. देवांना नावानिशी हाक मारून मांडवात आणून बसवायचं काम धवलारणीचं, आणि तेही धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन. त्यामुळे वेणूबायचं तोंड ही सगळ्या गावाची मालमत्ता होती, आणि ते मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या तोंडातले दात मात्र तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचे. तिचा बाप यवतमाळकडं खडीच्या खाणीवर मुकादम होता आणि ती तिथल्या बोअरचं पाणी पिऊन वाढली होती. पण वेणूबाय त्या डागांचाही तोरा मिरवायची. "दगडी दात हायत माजे. किडा चावाला आला तर त्याचेच पडतील."

मग एका शिबिरात कुणी डॉक्टर सांगून गेला की हे डाग पाण्यातल्या फ्लोराईडचे. झालं! घरी येऊन तिनं नातीकडून, मनस्वीकडून, टूथपेस्टवरची बारीक अक्षरं वाचून घेतली. तिथंही फ्लोराईड. चोर घरातच सापडला म्हणायचा. ट्यूब गटारात गेली आणि फर्मान सुटलं: मोठ्यांनी मशेरी, पोरांनी मीठ आणि कोळसा. सून हेतल "बरं" म्हणाली. ती सगळ्यालाच "बरं" म्हणायची, आणि म्हणूनच वेणूबाय तिला बावळट समजायची. पुढं मनस्वीचे दात पांढरेशुभ्र राहिले, तेव्हा म्हातारीनं आळीभर मीठ-कोळशाचा डंका पिटला.

बघता बघता मनस्वी लग्नाची झाली. तिच्या हळदीला आठवडा उरला आणि वेणूबायचा गाल टम्म फुगला. दाढेतल्या खड्ड्यात ती कित्येक महिने मशेरी कोंबून बसली होती. आता तोंडात चमचा जाईना, तिथं धवला कुठून निघणार?

मुलगा दीपेश म्हणाला, "आई, मोबाईलवर धवले हायत. डीजेवाला लावंल. देवांना काय समजतंय?"

वेणूबाय पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. गावातल्या साऱ्या पोरी तिनं गाऊन सासरी धाडल्या, आणि स्वतःची नात डीजेच्या भरवशावर जाणार! हे दुखणं दाढेहून मोठं होतं.

मनस्वीनं तिला दटावून खारघरच्या डॉक्टर कुमुदकडं नेलं. डॉक्टरनं आत डोकावून मान हलवली. "आजी, ही दाढ गेली. शेजारच्या दोन वाचतील. पेस्ट कुठली वापरता?"

"पेस्ट? तिच्यानंच तर डाग पडतात!"

"डाग लहानपणीच्या पाण्याचे. दात आत तयार होत होते तेव्हाच पडले ते. आता या वयात पेस्टनं एकही नवा डाग पडायचा नाही. पण डागाच्या दातालाही कीड लागते, आणि ती रोखायला हीच पेस्ट लागते. फक्त लहान मुलांना थोडीशी द्यायची आणि गिळू द्यायची नाही."

"मंग हिचे दात बगा! मीठ-कोळशाचे हायत!" वेणूबाय हट्टाला पेटली.

मनस्वी लाजून हसली. "आजी, मी कोळसा कधी लावलाच नाय. आई तांदळाच्या डब्यात पेस्ट लपवायची. तू मशेरी भाजायला बसलीस की वाटाण्याएवढी काढून द्यायची."

वेणूबायनं आ वासला, दुखत होतं तरी. घरी येईस्तोवर ती एक अक्षर बोलली नाही. गावात बातमी पसरली की म्हातारीची वाचा गेली.

हळदीच्या दिवशी ती मांडवात बसली. गाल उतरला होता, दाढेच्या जागी खिंडार होतं, आवाज जरा फाटत होता. डीजेवाला पेनड्राईव्ह घेऊन तयार होता. वेणूबायनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आपणहून वायर काढली.

"पयला मान गो गनरायाला," तिनं उचललं. "दुसरा मान गो एकवीरा आईला." तिसरा मान दर लग्नात भाऊबंदांचा. सगळ्या बायका सवयीनं तोंड उघडून तयार होत्या. वेणूबाय क्षणभर थांबली.

"तिसरा मान गो हेतल सुनंला, जिनं माजा ऐकला नाय!"

बायका गायच्या विसरल्या आणि मग खदाखदा हसत त्यांनी तीच ओळ धरली. हेतल हळदीचं ताट धरून खांबाशी उभी होती. या घरात आल्यापासून सासूच्या तोंडून तिचं नाव कधी कौतुकानं निघालं नव्हतं. तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"रडतंस काय, ताट सांडशील," वेणूबाय खेकसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्याच्याला त्या डब्यातली मना पन दे."