बायकांकडची कॅसेट

सबिहाआपांची कार्यशाळा महिन्यातून एका रविवारी आमच्या वाचनालयाच्या माडीवर भरते. वाचनालयाचा हिशेब आणि किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्यामुळे दार उघडणं आणि लावणं हे माझं काम. तिथं काय शिकवतात, असं मला बरेच जण विचारतात. जुन्या, पाठीमागे कुबड असलेल्या टीव्हीवर विजेच्या लहरींपासून चित्रं करायला शिकवतात, असं मी सांगतो. त्यात संगणक नाही. एक पेटी पट्टे आणि वर्तुळं तयार करते, दुसरी त्यांत रंग भरते, आणि मिक्सर नावाचं यंत्र दोन्हींची सरमिसळ करतं. कॅमेरा ज्या टीव्हीला जोडला आहे त्याच टीव्हीकडे वळवला, की चित्र स्वतःतच शिरत जातं आणि पडद्यावर भोवरा उठतो. नव्या माणसाला टीव्ही बिघडला असंच वाटतं. बटणं शिकणाऱ्यानेच फिरवायची, आपा फक्त शेजारी उभ्या राहतात.

आपा हे सगळं लग्नांतून शिकल्या. थोरले भाऊ गुफरान लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. मुसलमान घरांत बायकांकडच्या कार्यक्रमाला पुरुषाने कॅमेरा घेऊन जायचं नाही, म्हणून दहावी झालेल्या बहिणीच्या हाती त्यांनी दुसरा कॅमेरा दिला. पण तेवढ्याने भागेना. ते चित्रण दुकानात बसून पुरुषानेच पाहिलं, तर पडदा राहिला कुठं? तेव्हा मिक्सिंगही बहिणीनेच करायचं ठरलं. दुकानामागच्या खोलीत आतून कडी लावून आपा एकट्या बसत. विचारायला कुणी नव्हतं. बटण फिरवायचं आणि काय होतं ते बघायचं, अशी त्यांची शाळा झाली.

पुढे कॅसेटचा धंदा बसला. गुफरानभाईंनी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, यंत्रं आपांकडे पडून राहिली. पुण्याच्या एका चित्रकला शिक्षिकेने ती पाहिली आणि कार्यशाळा घ्यायला सुचवलं. आज येणाऱ्यांत निम्म्या मुली आपांच्या मोहल्ल्यातल्या असतात. ज्या घरांतून मुलीला संध्याकाळी टेलरिंगच्या क्लासलाही धाडत नाहीत, तिथूनही त्या येतात. त्यांच्या आयांची लग्नं आपांनी चित्रित केली आहेत, आणि त्यातलं काही कधी बाहेर फुटलेलं नाही. आपांची पत काय ती एवढीच.

ती पत गेल्या हिवाळ्यात पणाला लागली.

विरेश नावाचे एक गृहस्थ तेव्हा नव्याने येऊ लागले होते. लग्नात मोठे एलईडी पडदे भाड्याने लावण्याचा त्यांचा व्यवसाय आहे. माणूस हौशी, पण धीर कमी. आपांनी रंगाच्या पट्ट्यांवर तासभर हात बसवायला सांगितला, तेव्हा त्यांची कुरकुर सुरू झाली.

"आपा, पट्ट्या बघून डोळे दुखायलेत की. जरा माणसाचं तोंड तरी दाखवा."

"आरशात बघ जाऊन," आपा म्हणाल्या, आणि चहा सांगायला खाली आल्या.

माडीवरच्या कपाटात यंत्रांबरोबर काही जुन्या कॅसेटही होत्या. घरी जागा नसल्याने आपांनी त्या तिथं ठेवल्या होत्या. कपाटाला त्या दिवशी कुलूप नव्हतं. विरेशनी एक कॅसेट उचलली. तिच्यावर 'इलाहीबक्ष बागवान' असं लिहिलेलं होतं. एखाद्या वडीलधाऱ्याचं सभेतलं भाषण असेल, अशा समजुतीने त्यांनी ती लावली. कॅसेटवर नाव नेहमी काम सांगणाऱ्याचं असायचं, आणि काम सांगायला घरचा पुरुष यायचा. बायकांकडच्या कॅसेटवरही म्हणून पुरुषाचंच नाव. हे आपांखेरीज कुणाला ठाऊक असणार?

आपा वर गेल्या तेव्हा पडद्यावर हळदीचा कार्यक्रम चालू होता आणि एक भरल्या अंगाची बाई मनमोकळी नाचत होती. खोलीत तीन-चार पुरुष बसलेले. आपांनी कॅसेट थांबवली आणि वर्ग सोडून दिला. विरेश खाली येऊन माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

नाचणाऱ्या बाई म्हणजे इलाहीबक्ष यांच्या पत्नी मदिनाबी. लेक सना हिच्या लग्नातली ती कॅसेट. (हा मजकूर मदिनाबींना वाचून दाखवला आहे; नाव घालायला त्यांची हरकत नाही.) घरी ठेवली तर पोरं लावतील म्हणून त्यांनी ती आपांकडेच ठेवली होती. पुरुषाच्या नजरेला पडणार नाही, असा शब्द आपांनी तेव्हा दिला होता. कधीतरी येऊन बघेन, असं मदिनाबी म्हणाल्या होत्या, पण संसारात ते राहून गेलं. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि यजमान हयात नाहीत.

गुफरानभाईंचं मत, कुणाला सांगू नये. चौघांनी क्षणभर पाहिलं, त्यांना बाई कोण तेही माहीत नाही. हिशेबाने ते बरोबर होतं. आपा दुसऱ्या दिवशी मदिनाबींकडे गेल्या. विरेश येतो म्हणत होते, त्यांना आपांनी गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं.

बोलणं दखनी उर्दूत झालं. आपांनी मला ते मराठीत सांगितलं.

"खाला, तुमची कॅसेट माझ्या वर्गात लागली. पुरुष होते."

"कुणी लावली?"

"कपाट माझं होतं. कुलूप मी लावलं नव्हतं."

मी दिसले का, असं मदिनाबींनी विचारलं. आपांनी हो म्हटलं. नाचताना? त्यालाही हो म्हटलं. सना मध्ये पडून आईला समजावू लागली, तशी म्हातारी तिच्यावरच घसरली. "तू गप. तुझ्याच लग्नात नाचले ना मी? सगळ्या गावाने बघितलं, एक मी सोडून."

त्यांना कॅसेट बघायची होती. यंत्र फक्त माडीवर. पुढच्या रविवारी कार्यशाळा रद्द करून मदिनाबी, सना आणि आपा अशा तिघीच वर बसल्या. मी जिन्याखाली टेबलाशी होतो. वर काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण पाहू नये हेच ठरलं होतं. गाण्याचा आवाज येत होता. तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

आपांनी नंतर जे सांगितलं ते असं. मिक्सरमध्ये चित्राचा उजळ भाग कापून तिथं दुसरं चित्र भरण्याची सोय असते. लग्नातल्या झगझगीत दिव्यांमुळे चेहरे सर्वांत उजळ येत, म्हणून बटण फिरवलं की आधी चेहरे जातात. आपांनी ते करून दाखवलं. मदिनाबींचा चेहरा गेला, तिथं निळा भोवरा फिरू लागला. म्हातारीने मग स्वतः बटण हातात घेतलं आणि आपला चेहरा कितीदा तरी घालवला आणि परत आणला.

हे असं, चेहऱ्याशिवाय, वर्गात दाखवू का, असं आपांनी विचारलं. मदिनाबींनी विचार करून उत्तर दिलं. "हातात सनाच्या बापाने दिलेल्या बांगड्या आहेत, लोक ओळखतील. पाय दाखव."

तेवढा भाग आपांनी रंग भरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला. मूळ कॅसेट मदिनाबी पिशवीत घालून घेऊन गेल्या. घरी लावणार कशावर, असं सनाने जिन्यात विचारलं. "लावायची कुणाला आहे," त्या म्हणाल्या.

बाकीच्या कॅसेटही आपा घरोघरी देत आहेत. काही घरं बदलली, काही बायका राहिल्या नाहीत. अशांच्या कॅसेट त्या वर्गात वापरत नाहीत.

पुढची कार्यशाळा भरली तेव्हा मीही वर जाऊन बसलो. पडद्यावर दोन पाय होते, गुडघ्याखालचे, हिरव्या-जांभळ्या रंगात, ठेका धरलेले. मोहल्ल्यातल्या एका मुलीने विचारलं, आपा, या कोण? आपा म्हणाल्या, आहेत एक ओळखीच्या. सगळे पडद्याकडे बघत होते. विरेश टेबलाखाली वाकून एक वायर जोडत होते, आणि गाणं संपेपर्यंत ती त्यांना जोडता आली नाही.