दिलदार कंडक्टरचं उल्लंघन

गडहिंग्लज-नेसरी गाडीचे कंडक्टर दिलदार मुल्लाणी नियमाला भलतेच कडक. मी याच गाडीनं रोज शाळेत शिकवायला जातो. एकदा दारात उभा राहिलो, तर त्यांनी मला चारचौघांत झापलं होतं. म्हणून त्यांना नोटीस आली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला आधी जरा बरंच वाटलं.

‘मंगळवारी थांबा नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवून आपण नियमांचे उल्लंघन केले,’ असं नोटिशीत होतं. ते खरंही होतं. म्हाताऱ्या धोंडुबाईचे गुडघे गेलेले आणि थांबा तिच्या शेतापासून दीड किलोमीटरवर. ती भाजीची पाटी घेऊन बांधावर दिसली, की दिलदारभाई घंटी मारून गाडी थांबवायचे. गाडीतल्या कुणा पावण्यानं तक्रार केली. आता ती थांब्यापर्यंत चालत येऊ लागली, वाटेत दोनदा बसत. इकडं दिलदारभाईंच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. नोकरी जाणार या धास्तीनं त्यांची झोप उडाली.

“उल्लंघन म्हंजे नेमकं काय गं?” त्यांनी लेकीला, सदफला विचारलं. ती मराठी घेऊन बी.ए. करतेय.

“ओलांडणं, अब्बा. आपण बोलताना नियम मोडला म्हणतो, कागदावर उल्लंघन केलं असं लिवत्यात. जितक्यांदा ओलांडलं, तितक्यांदा उल्लंघन.”

झालं. खुलासा मागितला होता एका मंगळवारचा. या भल्या माणसानं लिहून दिलं, ‘गेली अकरा वर्षे रोज उल्लंघन केले आहे.’ सदफला कळलं तेव्हा कागद आगारात पोचला होता. तिनं कपाळावर हात मारला. मी तर त्यांना तोंडावर वेडा म्हणालो. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी आगार प्रमुखांनी बोलावलं. मी स्टँडवर थांबलो होतो. दिलदारभाई बाहेर आले आणि बाकावर मटकन बसले.

“काय म्हणाले साहेब?”

“म्हणाले, अकरा वर्षं बाई रोज चढतीया, म्हंजे थांब्याची गरज हाय की तिथं. सोमवारपास्नं विनंती थांबा.”

“आणि तुम्हाला?”

“लेखी ताकीद. नोकरी हाय.”

माझाच जीव भांड्यात पडला. त्यांच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

“एका मंगळवारचं लिवलं असतं तर मी सहज सुटलो असतो, मास्तर,” ते डोळे पुसत म्हणाले, “पर म्हातारीला चालायलाच लागलं असतं की.”